पहिल्या हाकेची ओ

एका परटिणीनं येडेपणानं एक पैज घेतली नसती, तर हा कडा नुसता कडाच राहिला असता. बोर्डावर 'गव्हर्नर पॉइंट' लिहिलंय ते सरकारनं. आम्ही याला ओ-कडा म्हणतो. ते समोर बघा, दरीच्या पल्याड, काळ्या खडकांवर पांढरे ठिपके दिसतात का? बगळे नाहीत हो ताई, चादरी आहेत. तो धोबीघाट. आणि काका, तुम्ही तेवढं रेलिंगला टेकू नका. गंज लागेल शर्टाला, आणि गंजाचा डाग लई वाईट. या गोष्टीत तो पुढं येणारच आहे.

तर असं सांगतात, की तेव्हा आपला महाराष्ट्र झालेला नव्हता. मुंबई इलाखा होता, आणि इलाख्यावर विलायतेहून लाट यायचा. लाट म्हणजे गव्हर्नर. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. उन्हाळा आला की खाली त्यांना घामोळं उठायचं, म्हणून सगळं सरकार उचलून इथं धावरीच्या पठारावर आणायचे. घोडे, गाई, बँडवाले, फायलींच्या पेट्या, एवढंच काय बदकंसुद्धा. एका लाटानं तळं खणलं, एकानं सुरूची झाडं लावली, एकानं घोडे पळवायला मैदान केलं. सगळ्यांची नावं कुठल्या ना कुठल्या दगडावर कोरलेली सापडतात. या गोष्टीतल्या लाटाचं नाव कशावरच नाही. मला विचारू नका, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक कसं असणार? लाट रस्त्यानं निघाला की पुढं पट्टेवाला ओरडत चालायचा. लोकांनी कडेला व्हायचं, मुंडी खाली घालायची. कुणी वर बघितलं तर काठी. त्यामुळं गावानं लाट कधी बघितलाच नाही म्हणे. गावानं बघितले ते बूट. हा लाट पहिल्या उन्हाळ्यात आला तेव्हा रस्त्यानं दोन जोड जायचे. एक काळा, मोठा. शेजारी एक पांढरा, बारका. तो मडमेचा. पांढरे बूट जरा चाललं की थांबायचे, करवंदीच्या जाळीपाशी, नाहीतर एखाद्या म्हातारीच्या कोंबड्यांपाशी. मग काळ्या बुटांनाही थांबावं लागायचं. त्याच वर्षी मडम तापानं गेली. इथंच, त्या छोट्या चर्चच्या मागं तिला पुरली. पुढच्या उन्हाळ्यात नुसते काळे बूट आले. ते मधे कुठंच थांबायचे नाहीत.

संध्याकाळची तोफ झाली की हा लाट या कड्यावर यायचा. पट्टेवाल्याला, शिपायांना तिकडं मागं, त्या वळणावर उभं करायचा. एकटा पुढं यायचा आणि दरीत हाक मारायचा. "नोराऽऽ!" मडमेचं नाव ते. कडा त्याला नुसतं "राऽऽ" परत द्यायचा. लाट थोडा थांबायचा, आणखी एकदा हाक मारायचा. मग बूट माघारी.

समोर घाटावर परीटमंडळी कपडे गोळा करत असायची. त्यांना हाक चांगली ऐकू जायची. पण ओ कुणीच द्यायचं नाही, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडची जुनी रीत अशी, की दिवे लागायच्या वेळी हाक आली आणि हाक मारणाऱ्याचं तोंड दिसत नसलं, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते म्हणे, तिसरी त्याला जमत नाही. तिसरी हाक आली तर समजायचं माणूस आहे, मग खुशाल ओ द्यायची. आणि लाट नेमका दोनदाच हाक मारायचा. झालं! घाट गप्प. सगळे खाली बघून चादरींच्या घड्या घालायचे.

या घाटावर चिमी नावाची परटीण होती. हिच्या गळ्यात अख्खा गाव राहायचा. पट्टेवाल्याचा खोकला, बँडातल्या पिपाणीवाल्याची शिंक, कुणाचं घोरणं, कुणाचं रडणं, हुबेहूब काढायची. एकदा हिनं म्हणे घोडेवाल्याच्या आवाजात शीळ घातली, तर लाटाचे दोन घोडे तबेल्यातून सुटून घाटावर आले. नवरा कोंडा, तो पलटणीबरोबर साहेबांचे कपडे धुवायला बसऱ्याच्या लढाईवर गेलेला. लढाई संपली, पलटण आली, कोंडा आला नाही. मेला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. त्यामुळं चिमीनं कुंकू पुसलं नव्हतं आणि वाटही कुणाला दिसेल अशी बघत नव्हती. घरी गेल्यावर बोलायला चूल आणि भिंत. म्हणून दिवसभर घाटावर बोलून घ्यायची.

एका संध्याकाळी लाटाची पहिली हाक आली तसा घाटावरचा भिवा परीट म्हणाला, "चिमे, समद्यांच्या नकला करतीस. त्या हाकंला ओ दिऊन दाव की."

"त्यात काय मोठं?"

"त्यात काय म्हनं! छाती पायजे."

गोदामावशी, घाटावरची सगळ्यात म्हातारी, तिनं भिवाला ओला पंचाच फेकून मारला. "मुडद्या, भलतं शिकवू नगंस. तिन्हीसांजंची हाक हाय ती."

"मावशे, लाट हाय त्यो. भूत न्हवं."

"आन् जिला हाक मारतोय, ती कोन हाय?"

भिवानं तो पंचा पिळायला घेतला. पण चिमीच्या डोक्यात किडा शिरला होता. "भिव्या, मी दिली ओ, तर काय देशील?"

"साहेब डोंगर उतरंस्तोवर तुझं गाठोडं मी वाहीन."

"आन् इस्तरीचा कोळसा?"

"त्यो बी."

तेवढ्यात दुसरी हाक आली. चिमी मोठ्या दगडामागं बसली, तोंडाला हात लावले, आणि ओ दिली. बरं, स्वतःच्या आवाजात दिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ही पडली नकलाकार. कपडे द्यायला बंगल्यावर जायची तेव्हा हिनं मडमेला कुत्र्याशी खेळताना ऐकलं होतं. बारीक, वर चढत जाणारा आवाज. तोच काढला. "ओऽऽऽ!"

घाटावर हसू फुटलं आणि लगेच विरलं. कारण समोर कड्यावर, तो काडीएवढा माणूस, त्यानं डोक्यावरची हॅट काढली. देवळात शिरताना माणूस पागोटं काढतो तशी. आणि मग त्यानं तिसरी हाक मारली. पहिल्या दोन हाका कशा, रस्ता चुकलेल्या माणसासारख्या होत्या. ही तिसरी घरी पोचलेल्या माणसाची होती.

गोदामावशी एवढंच म्हणाली, "आता तिसरी बी आली. दे ओ. आता तुला द्यायाच लागंल."

चिमीनं दिली.

त्या दिवशी चिमी घरी गेली ती दार लावून बसली. आता पट्टेवाला येणार, फटके बसणार, घाट काढून घेणार, अख्ख्या आळीच्या तोंडचा घास आपण घालवला. पण कुणीच आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तोफ व्हायच्या आधीच लाट कड्यावर हजर. मग रोजचंच झालं. तो हाक मारायचा, ही ओ द्यायची. भिवा मुकाट्यानं गाठोडं वाहायचा, पण पैज जिंकल्याचं चिमी एकदाही बोलली नाही.

आता परटाचं कसं असतं, त्याला माणूस कपड्यांवरून कळतो. लाटाच्या रुमालांनी आधी हिचं गाठोडं भरायचं. एवढे रुमाल एका माणसाला लागतात कशाला, ते चिमीला आसवांनी भिजून, सुकून कडक झालेले रुमाल बघून कळायचं. ओ द्यायला लागली तसे रुमाल कमी झाले. मग एक दिवस कोटाच्या खिशात करवंदाचं पान सापडलं. म्हणजे काळे बूट जाळीपाशी थांबले होते. चिमीला बरं वाटलं म्हणे. तिला वाटलं, आपण थट्टा केली खरी, पण कुणाचं काय बिघडलं?

मग शर्टांवर गंज यायला लागला.

पहिल्यांदा पोटावर आला, आडवी तांबडी रेघ. चिमीनं लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवून काढली. तेव्हा इथं हेच रेलिंग होतं, म्हणजे असलंच लोखंडी. लाट त्याला पोट टेकून दरीत वाकत होता, आवाज कुठून येतो ते बघायला. रोज रेघ यायची, रोज ही काढायची. मग एकदा कोपरांना चिखल आला, छातीला शेवाळ. म्हणजे साहेब जमिनीवर पालथा पडून खाली बघत होता. चिमी घासत राहिली.

आणि एका दिवशी शर्ट पालथा केला, तर गंज पाठीवर.

चिमीनं शर्ट हातात धरला आणि नुसती बघत बसली. भिवा म्हणाला, "काय झालं गं? डाग निघंना व्हय?"

"भिवा, ह्यो डाग पाठीवर हाय."

"मग?"

"पाठ कवा लागंल रं कठड्याला? मानूस कठड्याच्या अल्याड आसंल तर पोट लागंल. पल्याड उतरून उभा ऱ्हायला, तरच पाठ लागंल."

भिवाच्या हातातलं धुणं खडकावरच राहिलं. कड्याला कठड्याच्या पल्याड उभं राहायला किती जागा आहे, ते काका, तुम्ही आत्ता बघितलंच. पाऊल मावतं, बूट मावत नाही.

त्या संध्याकाळी चिमीनं ओ दिली नाही. तिला वाटलं आवाज बंद झाला की साहेब मागं जाईल. लाटानं हाक मारली. थांबला. पुन्हा मारली. मग थांबलाच नाही. एकावर एक हाका, घसा बसेपर्यंत, शेवटी शेवटी नुसती हवा यायची. अंधार पडला तसे शिपाई कंदील घेऊन आले तेव्हा कुठं माघारी गेला. दुसऱ्या दिवशी कोट आला, त्याच्या पाठीवर गंज होताच, वर एक बाही खांद्यापासून उसवलेली. ओ दिली तर तो आवाजाकडं यायचा, नाही दिली तर आवाज शोधायला यायचा. दोन्हीकडून दरीच होती.

तेवढ्यात हंगाम संपत आला. धुकं दरीतून वर चढायला लागलं. पेट्या भरल्या, बँड गेला, बदकं गेली, साहेब लोक डोंगर उतरून गेले. लाट काही हलेना. बंगल्यावर म्हणे तो जेवणाच्या टेबलाशी कुणाशी बोलायचा नाही, आणि त्याच्याशी आपणहून बोलायची कुणाची टाप नव्हती. रोज कड्यावर मात्र जायचा. आता कडा घाटावरून दिसायचाही नाही. नुसती धुक्यातून हाक यायची.

चिमी गोदामावशीकडं गेली. "मावशे, म्या जाऊन सांगती त्येला."

"काय सांगशील? की तुझ्या मेलेल्या बायकूची म्या नक्कल केली? जित्ती गाडंल तुला. आन् घाट जाईल त्यो येगळाच."

"आन् त्यो गेला तर?"

मावशीनं तिला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "तू काय त्येच्यासाठी जातीस का कोंड्यासाठी?"

"म्हंजी?"

"कोंड्याचं बी आसंच आसंल की कुटं. वरडत आसंल आन् कुनी ओ दीत नसंल."

चिमी उठली. लाटाचा इस्त्री केलेला शर्ट फडक्यात बांधला, कुणी अडवलं तर सांगायला, आणि दरी उतरून, ओढा ओलांडून, हा समोरचा चढ चढून वर आली. वळणावर पट्टेवाला होता, पण धुकं एवढं, की त्याला स्वतःची काठी दिसत नव्हती. त्याच्या बाजूनं ती सरकली.

पुढं आली तर आधी तिला बूट दिसले. सवयच तशी. मुंडी खालीच होती ना! काळे बूट, कठड्याच्या पल्याड, टाचा तेवढ्या दगडावर. एक नाडी सुटलेली.

ओरडावं तर तो दचकेल. धरावं तर लाटाला परटिणीनं हात लावायचा कसा, आणि लावला तरी तो सुटेल. चिमी जागची हलेना. आणि तेवढ्यात लाटानं हाक मारली. बसलेल्या घशानं, अगदी हळू, जवळच्याच माणसाला मारावी तशी. "नोरा."

चिमीनं ओ दिली.

मडमेच्या आवाजात नाही. स्वतःच्या. घरात नवऱ्यानं हाक मारली तर बाई चुलीपाशी बसून देते ना, तशी. "ओ."

लाट गोठला. मग कठड्याची नळी पाठीमागं घट्ट धरून त्यानं मान वळवली. आणि चिमीनं मुंडी वर केली. लाटाचं तोंड बघितलेली गावातली पहिली बाई म्हणे ती. काय दिसलं तिला? दाढी न केलेला, नाक वाहणारा, म्हाताराच दिसायला लागलेला एक माणूस. तिनं मनात लाट म्हणून जे काही धरलं होतं, त्यातलं काहीच तिथं नव्हतं.

"मीच ती, सायेब," ती म्हणाली. "रोज मीच व्हते. तुमची मडम न्हवं."

त्याला तिची भाषा कळली नाही, असं सांगतात. मग चिमीनं तोंडाला हात लावले, दरीकडं तोंड केलं, आणि तो बारीक, वर चढणारा आवाज काढला. "ओऽऽऽ!" तो आवाज घाटाच्या बाजूला गेला आणि परत आला. मग तिनं पल्याड बोट दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि हात जोडून उभी राहिली, आता काठी कधी बसते त्याची वाट बघत.

लाट बघत राहिला. मग एक पाय कठड्यावरून आत आला. मग दुसरा.

आवाज ऐकून पट्टेवाला धावत आला, काठी उगारून. लाटानं नुसता हात वर केला. पट्टेवाला तिथंच. मग लाट या दगडी बाकावर बसला आणि जरा सरकला, म्हणजे शेजारी जागा झाली. चिमी काय बाकावर बसणार? ती समोर खाली बसली, या चपट्या दगडावर. कुणी म्हणतं लाट रडला, कुणी म्हणतं हसला. आमच्या परीटआळीत सांगतात, की त्यानं विचारलं काहीच नाही, फक्त तिनं आणलेला शर्ट फडक्यातून काढून उलटापालटा केला, पाठीवरून हात फिरवला. डाग पुरता निघालेला नव्हता. तो त्याला दिसला.

दुसऱ्या दिवशी लाट डोंगर उतरला. त्या पलीकडच्या वळणावर, जिथून घाट दिसतो, तिथं त्यानं घोडा थांबवला आणि दरीत हाक मारली. नोरा म्हणून नाही. त्याला तिचं नाव माहीत नव्हतं, म्हणून त्यानं नुसती "ओऽऽ" दिली. चिमीनं खडकावरची चादर उचलली आणि डोक्यावर धरून हलवली. मीच म्हणून. तो लाट परत कधी आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुसरे बूट आले.

लाट गेला, पठार रिकामं झालं. बंगल्यांना कुलपं, रस्त्यावर धुकं आणि गोगलगाई. भिवानं गाठोडं वाहणं सोडलं, पैज संपली होती. आणि एका संध्याकाळी चिमी एकटीच परत या कड्यावर आली. इतकी वर्षं हिनं सगळ्यांचे आवाज काढले, पण एक हाक कधी मारली नव्हती. ती मारली.

"कोंडाऽऽ!"

कड्यानं "डाऽऽ" परत दिलं. चिमी थांबली. दुसऱ्या हाकेची तिला हिंमत होईना. दुसरीनंतर तिसरी येते, आणि तिसरीनंतरही कुणी बोललं नाही तर मग माणसानं जायचं कुठं?

तेवढ्यात पल्याडून, धुक्यातून, म्हातारा चिरका आवाज आला. "ओऽऽ!" पहिल्याच हाकेला. आणि धुकं जरा हललं तर खडकावर गोदामावशी उभी, जिनं जन्मात कधी तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला तोंड उघडलं नव्हतं, ती. हातात पांढरा पंचा, दोन्ही हातांनी हलवत.

"कोंड्या न्हाई गं!" ती ओरडत होती. "मी हाय! मी, गोदी!"

दुसऱ्या गावांत आजही तिसऱ्या हाकेची वाट बघतात. आमच्याकडं बघत नाहीत. आजही या कड्यावरून कुणीही, कुणाच्याही नावानं हाक मारू दे, घाटावर जो कुणी असेल त्यानं पहिल्या हाकेला ओ द्यायची. पण नक्कल करायची नाही. आपल्याच आवाजात द्यायची, आणि लगेच पांढरं फडकं हलवून दाखवायचं, म्हणजे हाक मारणाऱ्याला कळतं की ज्याला बोलावलं तो नाही, पण कुणीतरी आहे.

मारा आता हाक, काका. मोठ्यानं मारायची. नाव कुणाचं घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही विचारत नाही. आणि हॅट... हां, काढली तरी चालेल.

"सुमनऽऽ!"

ऐकलंत? आणि ते बघा, डाव्या बाजूच्या खडकावर, फडकं. ती आमची आई.